लोहाला दार एकच

रक्त कमी आहे असे कळले की पालेभाजी वाढवा, गूळ-शेंगदाणे खा, असा सल्ला घरोघर मिळतो. सल्ला वाईट नाही. पण अपुरा आहे. पोटात गेलेले लोह आणि अंगी लागलेले लोह यांत बरेच अंतर असते.

प्रौढ माणसाच्या शरीरात लोह असते अवघे तीन ते चार ग्रॅम. ते कमी पडले तर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही. मोकाट फिरू लागले तर तेच लोह पेशींना इजा करते. त्यातच जादा लोह हवे तेव्हा बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. त्यामुळे सारा पहारा आत येण्याच्या दारावर!

रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह आतड्यातून रक्तात शिरते. तेथे ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन हमालासारखे ते उचलते. ज्या पेशीला लोहाची गरज असते ती या हमालाला ओझ्यासकट आत घेते, लोह उतरवते आणि त्याला रिकामा परत धाडते. शिल्लक लोह फेरिटिनच्या कोठारात जाते.

या व्यवहाराचा कारभारी म्हणजे यकृतात तयार होणारे हेप्सिडिन. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारे दार, म्हणजे फेरोपोर्टिन, ते बंद पाडते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. लोहाचा साठा भरला की हेप्सिडिन वाढते, घटला की कमी होते. जंतुसंसर्गातही ते वाढते, कारण लोह जंतूंनाही हवे असते. चोराच्या भीतीने कोठाराला कुलूप घालावे, तसेच हे. मात्र दुखणे लांबले की उपास घरच्यांनाच घडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील देशातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे त्यांतले एक मोठे कारण. गोळी घेतल्यावरही हेप्सिडिन काही काळ चढते. म्हणूनच एक दिवसाआड गोळी घेणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये लोह अधिक प्रमाणात शोषले गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मात्रा अर्थात डॉक्टरांनीच ठरवावी.

आपल्या हाती एवढे नक्की आहे: जेवणात लिंबू असावे, जेवणावर लगेच चहा नसावा. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर बाईच्या खाण्याला नावे ठेवण्याआधी तिच्या अंगात कुठले दुखणे मुरले आहे का, रक्तस्राव फार होतो का, याची तपासणी करून घ्यावी.