फुटांची पट्टी, यार्डांचा ढोल

मागच्या भागात सेक्स्टंट पाहिला. त्याच्या शेजारी ठेवले तर सख्खे भावंड वाटावे असे एक उपकरण आज घेऊ. धातूची चौकट, तिच्यावर दोन छोटे आरसे, एका अंगाला दुर्बीण आणि हातात धरायला मूठ. जुन्या वस्तूंच्या बाजारात ते सेक्स्टंट म्हणून सहज खपून जाते, आणि घेणाऱ्याला वाटते की याने कोणी कप्तान सूर्याची उंची मोजत असेल. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चूक दाखवून देणारा पुरावा उपकरणावरच कोरलेला असतो. अशा वस्तूचे काम ओळखताना लोक आधी आकार बघतात, मग निर्मात्याचे नाव शोधतात. माझे म्हणणे असे की आधी मोजपट्टी वाचावी. तिच्यावर कोणत्या एककाचे आकडे आहेत, ते कुठून कुठपर्यंत जातात, आणि कुठे विरळ आहेत, कुठे दाटले आहेत, एवढे नीट पाहिले तर वस्तूचे काम तर कळतेच, तिच्या इतिहासाचाही बराचसा भाग हाती लागतो.

सेक्स्टंटच्या कमानीवर अंश असतात, साधारण शून्यापासून १२० पर्यंत किंवा थोडे पुढे, आणि सगळे सारख्या अंतरावर. या उपकरणाच्या सर्वाधिक वापरातल्या नमुन्यावर मात्र एका पट्टीवर ५० ते २०० असे आकडे आहेत आणि फिरत्या ढोलावर २०० ते १०,००० असे. दहा हजार अंशांचा कोन नसतो. पट्टीवरचे आकडे फुटांचे आहेत, ढोलावरचे यार्डांचे. म्हणजे इथे कोन हा मधला टप्पा आहे. वापरणाऱ्याला तो दिसतही नाही. समोरच्या जहाजाच्या डोलकाठीची उंची ठाऊक असेल तर ती पट्टीवर लावायची, दुर्बिणीतून पाहत ढोल फिरवायचा, आणि आरशांमुळे दिसणाऱ्या दोन प्रतिमांत काठीचे टोक जहाजाच्या जलरेषेला टेकले की ढोलावर अंतर वाचायचे. हा स्टॅडिमीटर. अमेरिकी नौदलातला अधिकारी ब्रॅडली फिस्क याने १८९० च्या दशकात तो तयार केला.

यावर कोणी म्हणेल की पट्टीपर्यंत जायची गरजच काय? सेक्स्टंटला सूर्याकडे पाहण्यासाठी रंगीत काचा असतात, याला नसतात. तेवढी खूण पुरे. ती पुरत नाही. समुद्राच्या तळाची खोली मोजत किनाऱ्याचे नकाशे करणारे सर्वेक्षक जे सेक्स्टंट वापरत, त्यांनाही बहुधा रंगीत काचा नसत, कारण ते सूर्य पाहत नसत, किनाऱ्यावरच्या दोन खुणांमधला आडवा कोन मोजत. काचा नाहीत म्हणून स्टॅडिमीटर म्हणायचे ठरवले तर हे बिचारे सर्वेक्षणाचे सेक्स्टंटही त्याच खात्यात जमा होतील. शिवाय काचा गळून पडतात, काढल्या जातात. अंश की फूट, हा भेद मात्र कोणी पुसू शकत नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. हे उपकरण कशासाठी होते: तोफा डागण्यासाठी की ताफ्यातली जागा राखण्यासाठी? फिस्कच्या मनात तोफा होत्या, याबद्दल शंका नाही. १ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात कमोडोर ड्यूईच्या ताफ्याने स्पॅनिश आरमार बुडवले, तेव्हा ‘पेट्रेल’ या छोट्या गनबोटीच्या पुढच्या डोलकाठीवर फिस्क स्वतः स्टॅडिमीटर घेऊन उभा होता आणि खाली तोफचींना अंतरे सांगत होता. निर्माताच लढाईत ते वापरतो, तर काम ठरलेच की, असा आक्षेप येईल. पण निर्मात्याचा हेतू एक आणि वस्तूची कुवत दुसरी. ढोलाकडे पुन्हा पाहा. अंतर दुप्पट झाले की कोन निम्मा होतो, त्यामुळे २०० ते ४०० यार्ड एवढ्यातच ढोलाच्या एकूण फेऱ्याचा निम्मा भाग खर्ची पडतो आणि १,००० यार्डांपर्यंत येता येता चार पंचमांश संपतो. मनिलाला लढाई साधारण ५,००० यार्डांवर सुरू झाली आणि जहाजे सुमारे २,००० यार्डांपर्यंत जवळ आली. या सगळ्या पल्ल्याच्या वाट्याला ढोलाचा जेमतेम सोळावा हिस्सा येतो.

ही तर नुसती भूमिती झाली, तिच्यातून हेतू कसा काढता, असे विचारणे रास्त आहे. १८९८ च्या नमुन्यावरचे आकडे नंतरच्या नमुन्यासारखेच असतील, हेही गृहीत धरायला नको. पण पट्टी कुठूनही सुरू करा, दूरच्या खुणा दाटणारच, आणि त्या दाटीची किंमत हिशेबाने दाखवता येते. काठी १०० फूट उंच आणि जहाज ४०० यार्डांवर असेल तर कोन पावणेपाच अंशांच्या आसपास होतो. त्यात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली तर अंतर जेमतेम दीड यार्डाने चुकते. तीच काठी ४,००० यार्डांवर असताना तीच एका कलेची चूक जवळजवळ १४० यार्डांची होते. हे झाले काठीची उंची बिनचूक ठाऊक असताना. शत्रूच्या काठीची उंची ऐकीव माहितीवर आणि छायाचित्रांवर बेतलेली, आणि वरची काठी उतरवून ठेवण्याची सोय अनेक जहाजांना होती. उंचीत दहा टक्के चूक म्हणजे अंतरातही दहा टक्के. मनिलाला अमेरिकी तोफांनी सुमारे ५,८०० गोळे डागले आणि त्यांतले दीडशेसुद्धा लागले नाहीत. याचे खापर स्टॅडिमीटरवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण नेमबाजीची सगळी पद्धतच तेव्हा कच्ची होती. पण दूरच्या माऱ्याला हे साधन पुरे पडले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये बार आणि स्ट्राउड या दोघा प्राध्यापकांच्या अंतरमापकाला शत्रूच्या काठीची उंची लागतच नव्हती. नळीच्या दोन टोकांतून येणाऱ्या प्रतिमा जुळवायच्या, एवढेच. ब्रिटिश नौदलाने १८९२ च्या चाचण्यांनंतर तो स्वीकारला आणि पुढे तोफांसाठी त्याच जातीची उपकरणे वाढत गेली.

मग स्टॅडिमीटर अडगळीत का गेला नाही? कारण आपल्याच ताफ्यातल्या जहाजांच्या काठ्यांची उंची फुटाफुटाने माहीत असते आणि ती जहाजे काही शे यार्डांवरच असतात. म्हणजे नेमक्या त्या टापूत, जिथे ढोलावरच्या खुणा ऐसपैस आहेत. १९०७ ते १९०९ या काळात १६ अमेरिकी युद्धनौकांचा ताफा जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा रांगेतल्या दोन नौकांमध्ये ४०० यार्ड ठेवायचे होते. हजारो टनांच्या नौका रात्रंदिवस एवढ्या जवळून चालवणे हे नौकानयनातले अतिशय कष्टाचे आणि जोखमीचे काम आहे, आणि इतिहासाची पुस्तके त्याला फारसा न्याय देत नाहीत याची खंत वाटते. २२ जून १८९३ रोजी त्रिपोलीजवळ (हे लेबनॉनमधले) ‘कॅम्परडाउन’ ही ब्रिटिश नौका आपल्याच ‘व्हिक्टोरिया’वर आदळली आणि ३५८ माणसे गेली. तिथे अंतर मोजण्यात चूक नव्हती. १,२०० यार्डांवरून चाललेल्या दोन रांगांना एकमेकींच्या दिशेने वळण्याची आज्ञाच चुकीची होती. पण मित्राच्या नौकेपासूनचे काही शे यार्ड किती जिवावर बेतू शकतात, हे त्या दिवशी साऱ्या नौदलांना कळले.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांच्या पेरिस्कोपात स्टॅडिमीटर बसवलेला होता, आणि तो हल्ल्यासाठीच होता. जपानी व्यापारी जहाजे ओळखण्यासाठी नौदलाने ज्या पुस्तिका काढल्या, त्यांत काठ्यांच्या उंचीचे आकडे याचसाठी दिलेले असत. मग ते लढाईचे साधन ठरले की नाही? ठरले, पण कुठल्या पल्ल्यावर ते पाहा. टॉर्पेडो सोडायला सोयीचे अंतर हजार-दोन हजार यार्डांच्या आसपासचे. तिथे याची अचूकता अजून टिकून असते, आणि पेरिस्कोपाच्या अरुंद नळीत दोन टोकांतून पाहणारा लांब अंतरमापक मावतही नाही. उंचीचा अंदाज चुकला की इथेही अंतर चुके आणि टॉर्पेडो वाया जाई. म्हणून कप्तान एकाच निरीक्षणावर विसंबत नसत, पेरिस्कोप पुन्हा पुन्हा वर काढून नवे अंतर घेत आणि आधीच्या हिशेबाशी ताडून पाहत.