दम राहिला, धूर गेला

प्रदूषणाचे नियम आले आणि इंजिनाचा दम गेला, हे वाक्य तासगाव भागातल्या गॅरेजांत आजही ऐकू येतं. जुनं इंजिन साधं, दणकट, गावच्या फिटरच्या हातात बसणारं. नवं नाजूक आणि कॉम्प्युटरवर चालणारं, असा त्यामागचा हिशेब असतो. त्यातला दुरुस्तीचा भाग खरा आहे. दमाचा मात्र नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांतले एचपीचे आकडे ओळीने मांडले तर उलटंच चित्र दिसतं.

या भागाची इंजिनांशी ओळख जुनी. तासगावच्या शेजारी, आज पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली. औंध संस्थानाच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि इथून नांगर, पंप, यंत्रं बाहेर पडू लागली. पुढे 1946 मध्ये त्यांचे चिरंजीव शंतनुरावांनी पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. डिझेल इंजिनं विहिरीच्या काठावर आली, तशी बैलांची मोट हळूहळू थांबत गेली.

त्या घराण्यातलं एव्ही-1 हे पाच एचपीचं इंजिन नीट पाहण्यासारखं आहे. एकच सिलिंडर, 553 सीसी, मिनिटाला 1500 फेरे. हँडल मारायचं, डिकॉम्प्रेशनची कळ सोडायची, की ते ठोके देत चालू व्हायचं. पेटीतून येणारं, चौथऱ्यावर बोल्टने बसवलं की कामाला लागणारं तयार इंजिन, हा प्रकार शेतकऱ्याला तेव्हापासून ठाऊक. धुराची नोंद त्या काळी कुणी ठेवत नव्हतं. पुढे धूर मोजायची वेळ आली, तेव्हा देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत नेमकं हेच इंजिन मांडलं. बायोडिझेलवरचे कितीतरी भारतीय शोधनिबंध एव्ही-1 किंवा त्याच्या भाऊबंद टीव्ही-1 वर झाले आहेत.

दुसरा अध्याय रस्त्यावरचा. सातारा-सांगलीकडे प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने गावं जोडली. जुन्या विलीजचं हरिकेन पेट्रोल इंजिन 75 एचपीचं, पण पेट्रोल परवडत नव्हतं. म्हणून अनेकांनी ते उतरवलं आणि डिझेल बसवलं. महिंद्रानेही 1980 च्या दशकात एमएम 540 ला प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल दिलं, ते 62 एचपीचं. म्हणजे जोर कमी झाला, पण तो इंधनाच्या खर्चातल्या बचतीसाठी. प्रदूषणाचा नियम तेव्हा दाराशीही आला नव्हता. चढावर काळे लोट सोडत जाणारी, मागे-पुढे माणसं लटकलेली जीप ही त्या काळची नेहमीची गोष्ट. त्या धुराने किती छात्या खराब केल्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही, ही खंत राहतेच.

नियमाने दम जातो, ही समजूत अमेरिकेत मात्र अगदीच निराधार नव्हती. 1975 च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि 5.7 लिटरच्या भल्या मोठ्या व्ही-8 मधून मूळ मॉडेलला मिळाले फक्त 165 एचपी. जुन्या गाड्यांत दांडगी इंजिनं घालून हॉट रॉड बनवणाऱ्या मंडळींनी ती अढी दशकानुदशकं मनात ठेवली. ती सोडवायला जनरल मोटर्सने 2009 मध्ये ई-रॉड नावाचा संच आणला: 6.2 लिटरचं एलएस-3 इंजिन, 430 एचपी, आणि पेटीतच त्याचा कॉम्प्युटर, वायरिंग, कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ अडवणारा डबा, अगदी ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा. कॅलिफोर्नियाच्या कडक हवा-नियमांत बसणारा हा संच जुन्या गाडीत घालून ती कायदेशीरपणे रस्त्यावर आणता येऊ लागली.

आपल्याकडची तीच गोष्ट महिंद्राच्या थारमध्ये दिसते. 2010 मध्ये थार आली तेव्हा बीएस-3 (भारत स्टेज या धूर-नियमांचा तिसरा टप्पा) मधल्या साध्या डीआय इंजिनाला 63 एचपी होते. बीएस-4 मध्ये बसणाऱ्या सीआरडीई या कॉमन रेल इंजिनाला 105. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं आणि त्याच वर्षी नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या नव्या थारचं 2.2 लिटर डिझेल 130 एचपीचं, पेट्रोल 150 चं. दहा वर्षांत नियम दोनदा कडक झाले आणि डिझेलचा जोर दुपटीवर गेला. कारण साधं आहे. काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. कॉमन रेलमध्ये डिझेल प्रचंड दाबाखाली तयार असतं, इंजेक्टर ते बारीक फवाऱ्याने नेमक्या क्षणी सोडतो, टर्बो हवा कोंबतो; जळण पुरतं होतं. बीएस-6 च्या डिझेलमधलं गंधकही 50 वरून दहा लाखांत दहा भागांवर आणलं गेलं, नाहीतर धूर गाळणारी यंत्रणा टिकली नसती.

या सगळ्यात कारागिराचं काय झालं, हा प्रश्न देवराष्ट्रे गावाने देशापुढे आणला. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलाच्या हौसेसाठी, भंगारातले भाग जोडून, साठेक हजार रुपयांत छोटी चारचाकी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि गाडी नियमांत बसत नाही, तिला आज ना उद्या अडवतील, हेही स्पष्ट सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये त्या कुटुंबाला बदल्यात बोलेरो मिळाली: तीन सिलिंडरचं, 75 एचपीचं, बीएस-6 इंजिन. कौतुक योग्यच होतं. पण पुढच्या कारागिराने काय करावं, याचं उत्तर त्या देवाणघेवाणीत नव्हतं.

कायद्याची वाट तर अरुंदच झाली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी हे समजण्यासारखं आहे.

शेताकडे पाहिलं तर धुराच्या नियमांचा वेग आणखी मंद. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जाणारे मिनी ट्रॅक्टर साधारण 15 ते 28 एचपीचे. महिंद्रा युवराज 15 चा, व्हीएसटी मित्सुबिशी शक्ती 18.5 चा. ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या आणि भुरीच्या भीतीने त्यांच्यावरचा ब्लोअर पुन्हा पुन्हा बागेत फिरतो. जानेवारी 2023 पासून ट्रॅक्टरसाठीचा कडक ट्रेम-4 टप्पा लागू झाला, पण तो 50 एचपीच्या वरच्यांना. त्यातल्या 37 ते 56 किलोवॅटच्या गटात काजळीची मर्यादा किलोवॅट-तासाला 0.4 ग्रॅमवरून थेट 0.025 वर आली. मिनी ट्रॅक्टर त्या वेळी वगळले गेले. त्यांच्यातल्या बहुतेकांना 2010 च्या ट्रेम-3ए मध्ये 0.8 ग्रॅमची मुभा होती. वेलींच्या मांडवाखाली, धुराच्या अगदी जवळ बसणारा चालक नेमका याच ट्रॅक्टरवर असतो. किमतीची अडचण खरी असली, तरी ही सूट फार काळ समर्थनीय नाही.

ई-रॉडसारखा संच आपल्याकडे अशक्य नाही. बाहा या गाडी-बांधणीच्या स्पर्धेत विद्यार्थ्यांचे संघ वर्षानुवर्षं एकाच ठरावीक दहा एचपीच्या तयार इंजिनाभोवती आपापली गाडी उभी करत आले. इंजिनाला हात लावायचा नाही, बाकी सगळी कल्पकता त्यांची. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय 1966 पासून पुण्यात आहे. प्रमाणित इंजिन, त्याचा कॉम्प्युटर आणि धूर गाळणारा भाग एकत्र विकला, तो संच बसवण्याची पद्धत आणि तपासणीचं शुल्क ठरवून दिलं, तर देवराष्ट्रेच्या पुढच्या गाडीला आरटीओच्या दारात उभं राहता येईल.