कुलूपबंद कपाटात काय काय कोंडता?

शेतकरी बंधूंनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. लोखंडी कपाट उघडा आणि आत काय काय आहे ते नीट पाहा. सातबारा, पासबुक, चांदीचे जोडवे, आणि रोही-रानडुकरांपायी पीकसंरक्षणाचा परवाना काढला असेल तर बंदूक अन् काडतुसे. मोलाचे ते कपाटात, हा आपला शिरस्ता. पण लेकरांच्या हाती लागू नये म्हणून औषधाची उरलेली बाटली आणि धान्यात टाकायच्या गोळ्यांची डबीही आपण तिथेच सारतो. गडबड तिथेच होते. कुलूप चोराला अडवते, वाफेला नाही. उलट बंद कपाटात वाफ साचून राहते.

गोळ्यांचा वायू

धान्यातल्या किडीसाठी वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळीत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतला ओलावा लागला की ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो. हा वायू तांबे, पितळ, चांदी काळी पाडतो. मोटारीच्या स्टार्टरचे पॉइंट, टीव्ही, मोबाइल खराब करतो. काडतुसांची पितळी टोपीही त्यातून सुटत नाही. पण वस्तूचे सोडा, जिवाचे बोला. या विषावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे अशी गोळी ठेवणे म्हणजे उशाशी साप ठेवणे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्र सरकारने २००१ मध्येच बंदी घातली. घरी जुनी डबी असेल तर उघडू नका, पाणी लावू नका, नाल्यात फेकू नका. तालुका कृषी कार्यालयाला कळवा. हरभरा, तूर कडक उन्हात वाळवून हवाबंद कोठीत भरली तर गोळीची गरजच कमी पडते.

ग्रामपंचायतीचे दप्तर

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि जलसुरक्षक यांनी पुढचे ध्यानात घ्यावे. एका गावात टीसीएल पावडरचे पोते आणि दप्तराचे कपाट एकाच खोलीत पाहिले. कपाटाचे पाय गंजून गळाले होते, बिजागऱ्या जाम, आणि नमुना नंबर ८ च्या वहीतली शाई फिकी पडलेली. गावकरी म्हणाले, कपाटच हलके निघाले. दोष कपाटाचा नव्हता. टीसीएलमधून क्लोरीन सुटतो, ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते, अन् ते लोखंड, कागद, कापड सारेच खाते.

यात नुकसान दुहेरी आहे. दप्तर जाते, आणि पावडरही निकामी होते. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. तो २० टक्क्यांखाली गेला की ती पावडर पाणी शुद्धीकरणाला वापरू नये. विहिरीत पावडर टाकली असे वहीत लिहिले जाते, पण गाव मात्र गॅस्ट्रोने आजारी पडते. म्हणून टीसीएल वेगळ्या, कोरड्या, हवेशीर खोलीत, झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, लाकडी फळीवर ठेवा. युरिया, अॅसिड, रॉकेल, तेल तिच्याजवळ कदापि नको, भडका उडू शकतो.

बियाणे आणि बंदूक

घरचे सोयाबीन बियाणे तणनाशकाच्या खोलीत ठेवू नका. वाफेने उगवण मारली जाते आणि पेरल्यावर दोष आपण पावसाला देतो. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. ७० उगवले तर बियाणे चांगले.

बंदूक कुलपात ठेवणे ही परवानाधारकाची जबाबदारीच आहे. पण ती चामड्याच्या खोळीत वर्षभर गुंडाळून ठेवू नका, चामडे ओल धरते. नव्या प्लायवूडच्या पेटीतूनही आम्लाची वाफ निघते, तिने पितळ आणि शिसे खराब होते. बंदूक कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघाडीच्या दिवशी कपाट तासभर उघडे ठेवा.

थोडक्यात, मोलाचे एका कपाटात, औषधे दुसऱ्या जागी, घराबाहेर, कुलपात. एवढी एक सवय लावली तर दप्तर, दागिना, बियाणे वाचेल, आणि घरचे माणूसही.