कामासाठी स्वस्त मोबाइल घेताय? आधी हे वाचा



१५ ऑगस्टला बंद ऋतू संपतो, जाळी पुन्हा तापीत पडतात आणि हातात दोन पैसे आले की सोसायटीत एकच प्रश्न सुरू होतो, "भाऊ, सात-आठ हजारांत कोणता मोबाइल घेऊ?" कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. मॉडेल चार-सहा महिन्यांत बदलतात, आज सांगितलेलं उद्या दुकानात मिळत नाही. काय बघायचं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे, स्मार्टफोन लागतोच का ते ठरवा. नुसतं बोलायचं आणि मासळीचे पैसे घ्यायचे असतील तर बटणवाला फोन चालतो. क्यूआर कोड कागदावर छापून टोपलीजवळ ठेवता येतो, पैसे आले की बँकेचा मेसेज येतो. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यातून पैसे पाठवताही येतात. पण व्यापाऱ्याला मालाचा फोटो पाठवायचा, ग्रुपवर भाव बघायचा, विजेचा इशारा बघायचा, तर स्मार्टफोन घ्या.

विजेचं आम्ही मुद्दाम सांगतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फुकट आहे. आपण आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते ते दाखवतं. उघड्या पात्रात नावेवर आपणच सगळ्यात उंच असतो. त्यासाठी फोनमध्ये लोकेशन चालू पाहिजे आणि नेटवर्क पाहिजे. म्हणून दोन सिमचा फोन घ्या. घाटावर एका कंपनीचं चालतं, खाली महाराष्ट्राच्या बाजूला गेलं की दुसऱ्याचं. ५जी साठी जास्त पैसे घालू नका, ४जी पुरे. मात्र ४जीवर कॉल लागतो का, म्हणजे व्होल्टी आहे का, ते विचारा.

आता पाण्याचं. डब्यावर आयपी लिहून एक आकडा असतो. आयपी६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकेल, पण स्वस्त फोनला ते सहसा नसतं. आयपी५२, ५४, ६४ हे शिंतोड्यापुरतंच, नावेतून पडला तर गेला. आणि पाणी गेलं की वॉरंटीत बहुतेक कंपन्या हात वर करतात. म्हणून प्लास्टिकचं बंद पाकीट घ्याच. फोन घालायच्या आधी आत कोरा कागद घालून बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी कागद ओला निघाला तर ते पाकीट भाजीला ठेवा! फोन भिजलाच तर लगेच बंद करा, सिम काढा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरल्यानं खास फायदा नाही, उलट आत भुसा जातो.

दुकानात फोन हातात घेऊन बाहेर उन्हात या. पडद्यावरचं दिसतं का बघा. घंटी मोठी वाजते का ऐका. बॅटरी ५००० एमएएच असू द्या, पहाटे निघून दुपारी परतेपर्यंत टिकते. रॅम ४ जीबी मिळाली तर बरं. बोटाच्या ठशावर भर देऊ नका, जाळं ओढून आपल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि ओल्या हातानं तर उघडतच नाही. पिन ठेवा. बऱ्हाणपुरात सर्व्हिस सेंटर आहे की खांडवा-इंदूर गाठावं लागेल, तेही विचारा.

हप्त्यावर घेताना कॅलेंडर काढा. १६ जून ते १५ ऑगस्ट आपली कमाई बंद, हप्ता मात्र चालूच. फायनान्सवाले अनेकदा फोनमध्ये कुलूप घालतात, हप्ता चुकला की फोन बंद पडतो, आणि नेमका तेव्हाच नंबर लागतो. शक्यतो आठ महिन्यांत फिटेल एवढाच हप्ता घ्या.

जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय येईल. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर मेसेज करा. फोन काळ्या यादीत असेल तर कळेल. चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

शेवटी एक, फोन नवा घेतला तरी नंबर बदलू नका. बँक आणि आधार त्याच नंबरला जोडलेले असतात, ओटीपी तिथंच येतो. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचाच्या नोंदणीलाही आधार लागतं. आणि गिऱ्हाइकानं पैसे भरल्याचा फोटो दाखवला तर मासळी लगेच देऊ नका, आपल्या खात्याचा मेसेज येऊ द्या. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० वर फोन करा.

कुणाला फोन घ्यायला जाताना सोबत कुणी हवं असेल तर सोसायटीत सांगा, आम्ही येऊ.