अन्नपानरक्षा आणि इ-मेलची पेटी

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय अन्नपानरक्षेचा आहे. राजाच्या पाकशाळेवर वैद्याची देखरेख असावी, हा त्याचा विषय. सविष अन्न अग्नीत टाकले असता ज्वाळा मोराच्या कंठासारखी दिसते, ते खाऊन माश्या व कावळे मरतात, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, अशी परीक्षा तेथे सांगितली आहे. परंतु त्याहून मार्मिक भाग आहे तो विष देणाऱ्या माणसाच्या लक्षणांचा. विचारले असता तो उत्तर देत नाही, बोलताना गोंधळतो, निष्कारण हसतो, जमीन उकरतो, त्याच्या चेहऱ्याचा रंग उडतो. म्हणजे ताटाइतकेच ताट आणणाऱ्याकडेही पाहावे, असे आचार्यांना सांगावयाचे आहे. विद्यार्थिदशेत आम्ही हा अध्याय अगदतंत्राच्या परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. तो पुन्हा उघडण्याचा प्रसंग माझ्यावर दोन वर्षांपूर्वी श्रावणात आला, आणि निमित्त झाले इ-मेलचे.

दुपारी एकच्या सुमारास रुग्णतपासणी आटोपून मी मोबाईल पाहत होतो. ‘आपली इ-मेलची पेटी भरत आली आहे, चोवीस तासांत पुष्टी न केल्यास येणारी पत्रे बंद होतील’ असा निरोप आला होता. पेटी खरोखरच भरत आली होती. रुग्णांचे क्ष-किरण, सोनोग्राफीचे अहवाल, औषधांची बिले यांनी ती कायमच तुडुंब असते. निरोपातील दुव्यावर बोट ठेवले, नेहमीचेच दिसणारे पान उघडले, पासवर्ड लिहिला. ‘आभारी आहोत’ असे उत्तर आले. मी जेवायला घरी गेलो. एकूण एक मिनिटही लागले नसेल.

आम्ही वसई, नालासोपारा आणि विरार परिसरातील पाच वैद्य वर्षातून दोन वेळा कच्ची वनौषधी एकत्र मागवतो. घाऊक खरेदीत भाव बरा मिळतो आणि एकाच लॉटमधील हिरडा, गुळवेल, अश्वगंधा पाचांना मिळते. हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. त्या दुपारनंतर जवळजवळ तीन आठवडे कोणीतरी माझी पेटी शांतपणे वाचत होते. योग्य वेळ येताच त्याने माझ्याच पत्त्यावरून, माझ्याच भाषेत, चौघांना कळविले की व्यापाऱ्याचे बँक खाते बदलले असून या वेळची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी. तिघांनी नेहमीप्रमाणे चालढकल केली, हे त्यांचे भाग्य. चौथ्या, सर्वांत तत्पर मित्राने त्याच दिवशी बेचाळीस हजार रुपये भरले. भरल्याचे त्याने मला इ-मेलने कळविलेही. पण ते पत्र मला दिसलेच नाही. चोराने पेटीत असा नियम घालून ठेवला होता की ‘खाते’ वा ‘रक्कम’ हा शब्द असलेले प्रत्येक पत्र थेट केराच्या टोपलीत जावे. सहा दिवसांनी मित्राचा फोन आला, “वैद्यराज, माल कधी येणार?” तेव्हा उलगडा झाला. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेत लेखी दिले, पण रक्कम तोवर पुढे सरकली होती. हाती काही आले नाही. निम्मा भार मी उचलला, तोही मित्राला बराच आग्रह केल्यावर.

पैशांचे दुःख कालांतराने ओसरले. ओसरले नाही ते दुसरेच. पेटी चोरीस गेल्याचे मी ज्या रुग्णांना कळविले, त्यांतील एका भगिनीने फोनवर एवढेच विचारले, “माझे रिपोर्टही त्याने वाचले का?” त्या वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येत होत्या, घरातील काही मंडळींनाही ते ठाऊक नव्हते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. रुग्णाचे गुह्य राखणे हा वैद्याचा धर्म आहे असे आपण नवोदितांना सांगतो, आणि त्या गुह्याची किल्ली मी पेटी भरल्याच्या धाकाने अनोळख्याच्या हाती दिली होती.

या प्रकारास ‘फिशिंग’ म्हणतात. मासेमारीच्या इंग्रजी शब्दाची वर्तणी बदलून हा शब्द घडविला गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड लांबविणाऱ्यांमध्ये तो रूढ झाला. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. जाळे मोठे, आमिष स्वस्त, आणि शंभरातील एक मासा लागला तरी पुरे. पासवर्डची चोरी मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सामाईक संगणकाला १९६० च्या दशकाच्या आरंभी पासवर्ड आले आणि १९६२ साली ॲलन शेर या तेथील संशोधकाने, आपल्याला ठरवून दिलेला वेळ अपुरा पडतो म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. कुलूप आणि चोर यांचे वय जवळजवळ सारखेच आहे!

आपल्या शरीरात १०७ मर्मे सांगितली आहेत, पण शिर, हृदय आणि बस्ती या तिघांचे महत्त्व वेगळे. व्यावसायिकाच्या व्यवहारात इ-मेल हे असे मर्म आहे. वस्तू व सेवा कराचे संकेतस्थळ, औषधनिर्मितीच्या परवान्यासाठीचे ई-औषधी संकेतस्थळ, कित्येकदा बँकेचे खाते, यांपैकी कशाचाही पासवर्ड विसरलो की नवा घेण्याचा मार्ग इ-मेलमधूनच जातो. ज्याच्या हाती पेटी, त्याच्या हाती या साऱ्या दारांच्या दुसऱ्या किल्ल्या. म्हणून ‘माझ्या इ-मेलमध्ये असे काय आहे?’ हा आपल्यापैकी अनेकांचा प्रश्न मला आता भाबडा वाटतो. पूर्वी मीही तोच विचारीत असे.

पुण्यातील एक प्रकरण प्रत्येक फार्मसीमालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या संचालकांनी अशाच एका फसव्या इ-मेलला प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये परस्पर वळविले गेले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४६ नुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे निर्णय अधिकारी असतात. तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ साली निकाल दिला व बँकेने ४५ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश केला. रक्कम पूर्ण का नाही? फसव्या पत्राला उत्तर दिले म्हणून तक्रारदारालाही जबाबदारीचा वाटा उचलावा लागला. आणि बँक का दोषी? ज्या बनावट खात्यांत पैसा गेला, ती उघडताना व वापरली जाताना पुरेशी तपासणी झाली नव्हती म्हणून. मला हा निकाल एखाद्या उत्तम रोगनिदानासारखा वाटतो. हेतू एकच नसतो, निज आणि आगंतु दोन्ही पाहावे लागतात. आणखी एक गोष्ट त्यातून कळते. पोलिसांतील फिर्यादीखेरीज भरपाईचा हा स्वतंत्र मार्ग पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी खुला आहे. आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असावा, मलाही नव्हता.

दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा याच कायद्याच्या कलम ६६-क चा, आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६-ड चा गुन्हा आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या भागासाठी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय असून त्याच्या सायबर कक्षाकडे जाता येते. पण फसवणूक लक्षात येताच पहिला फोन १९३० ला आणि त्याच क्षणी दुसरा बँकेला करावा. विषाच्या पहिल्या वेगात जे साधते ते सातव्यात साधत नाही, हे वैद्याला सांगावे लागू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हाच काळाचा हिशेब मांडला. दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून तिसऱ्याचाच असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित भार. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच परिपत्रक निघाले.

आता लक्षणांविषयी. पूर्वी फसवे पत्र अशुद्ध भाषेवरून ओळखू येई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आता शुद्ध, नम्र, आपल्याहून बरे मराठी लिहिले जाते. ते पूर्वरूप गेलेच असे समजावे. राहिले दोन. एक म्हणजे घाई: चोवीस तास, आजच, अन्यथा परवाना रद्द, नोंदणी स्थगित, परतावा बुडेल. कोणतीही परिषद वा कार्यालय वैद्याची नोंदणी एका दुव्यावर बोट न ठेवल्यामुळे संध्याकाळपर्यंत रद्द करीत नाही. दुसरे म्हणजे पत्ता. मोबाईलच्या पडद्यावर पाठविणाऱ्याचे केवळ नाव दिसते, आणि नाव कोणालाही काहीही घेता येते. त्यावर बोट ठेवून खरा पत्ता उघडून पाहावा. संकेतस्थळाचा पत्ता मराठी माणसाच्या नावासारखा वाचावा, म्हणजे आडनाव शेवटी. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे ‘डॉट कॉम’ असते, त्याच्या लगतचा शब्द हा खरा मालक; त्याआधी बँकेचे नाव कितीही ठळक लिहिलेले असो, ते केवळ पाळण्यातले नाव. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे जवळ आली की ‘एम’सारखी दिसतात, हीही जुनी युक्ती आहे. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह मात्र प्रामाणिकपणाची ग्वाही देत नाही. मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही एवढेच ते सांगते. पलीकडे कोण बसले आहे, हे नव्हे.

पासवर्डबाबत आपल्याकडे मोठे गैरसमज आहेत. दर महिन्याला तो बदलावा हा त्यांतील एक. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच ही सक्ती नको असे सांगितले. चोरीची शंका आली तर बदलावा, एरवी लांबीकडे लक्ष द्यावे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र केले की लक्षात राहणारा, लांब पासवर्ड होतो. आपत्याचे नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नसून निमंत्रण आहे. सर्वांत घातक म्हणजे एकच पासवर्ड सर्वत्र वापरणे. कुठल्या तरी दुकानाच्या संकेतस्थळावरून तो फुटला की तोच शब्द चोर इ-मेलवर लावून पाहतो. निरनिराळे पासवर्ड लक्षात ठेवण्यासाठी पासवर्ड सांभाळणारी प्रणाली वापरावी, आणि तेही न जमल्यास घरच्या कपाटातील वहीत लिहावे. वहीला हसू नये. परदेशातील चोर वसईतील कपाट उघडू शकत नाही. चिकित्सालयातील टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी ही मात्र वेगळी गोष्ट. ती रुग्ण, औषध कंपनीचे प्रतिनिधी आणि वीजदुरुस्तीवाला सारेच वाचतात.

यावर दुसरे कुलूप म्हणजे द्विस्तरीय पडताळणी. मोबाईलवर येणारा ओटीपी उपयोगी आहे, पण बनावट पान तोही मागते आणि त्याच मिनिटाला वापरते. त्याहून सरस ‘पासकी’, जी गुगलने मे २०२३ पासून वैयक्तिक खात्यांना दिली. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते. पान बनावट असेल तर आपण फसलो तरी ती फसत नाही, कारण तिला चेहरा दिसत नाही, पत्ता दिसतो. मला हा प्रकार चकोराच्या जवळचा वाटतो.

आणि पेटी गेलीच तर? केवळ पासवर्ड बदलून थांबू नये, ही चूक मी केली. दोन दिवसांनी माझी पत्रे पुन्हा नाहीशी होऊ लागली, कारण चोराने घातलेला नियम तसाच होता. प्रथम स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावा, मग सर्व ठिकाणचे उघडे प्रवेश बंद करावेत. त्यानंतर पत्रे आपोआप पुढे पाठविण्याचे व गाळण्याचे नियम, खाते परत मिळविण्यासाठी दिलेला मोबाईल व दुसरा पत्ता, आणि ज्या बाहेरच्या ॲपना परवानगी दिली आहे ती यादी, एकेक करून तपासावी. शोधनानंतर संसर्जनक्रम पाळावा तसे हे आहे. कंटाळवाणे, पण गाळता येत नाही. आणि ज्यांची पत्रे पेटीत होती त्यांना कळवावे. ते सर्वांत जड जाते.

आमच्या पाचजणांच्या गटात आता एकच नियम आहे. खात्याचा क्रमांक इ-मेलने बदलत नाही. बदलल्याचे पत्र आले, तर पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करायचा. गेल्या महिन्यात व्यापाऱ्याकडून असे पत्र आले. मी वही काढून फोन लावला. ते जरा नाराज झाले, इतक्या वर्षांचा संबंध असून विश्वास नाही म्हणाले. खाते खरोखरच बदलले होते. हिरड्याचा भावही किलोमागे बारा रुपयांनी वाढला होता, तेवढे मात्र त्यांनी पत्रात लिहिले नव्हते.