पोलादाला वळण लावणारे हात

जहाजाच्या नाळेजवळचा पत्रा वळवायचा असला की उल्सानच्या गोदीतला जाणता कारागीर गॅसची ज्योत हातात घेतो. आखलेल्या रेषेवरून ती सावकाश ओढत नेतो आणि मागोमाग पाण्याची धार सोडतो. तापलेली रेघ फुगू पाहते, भोवतीचं थंड पोलाद तिला फुगू देत नाही, आणि निवताना ती आकसते. पत्रा किंचित वाकतो. मग लाकडी साचा उभा धरून फट बघायची आणि पुन्हा नवी रेघ. यंत्रं आली, तरी दोन्ही अंगांनी बाक असलेला पत्रा अजूनही पुष्कळदा अशा हातांकडे येतो.

दक्षिण कोरियातली ही ह्युंदाईची गोदी १९७२ साली सुरू झाली. तेव्हा तिथे नुसता किनारा होता. संस्थापक चुंग जू-युंग यांनी लंडनमध्ये पाचशे वोनच्या नोटेवरचं जुनं कासव-जहाज दाखवून आपल्या देशाची पत पटवली, असं सांगतात. ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांनी दोन अवाढव्य तेलवाहू जहाजं मागवली. गोदी आणि जहाज, दोन्ही एकाच वेळी उभी राहत होती! मला या धाडसाचं आजही अप्रूप वाटतं.

कोकणात पडाव बांधताना आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, ठेवतात आणि त्यावर बाकीचा सांगाडा चढतो. उल्सानमध्ये मात्र जहाजाचे तुकडे निरनिराळ्या शेडमध्ये एकाच वेळी तयार होतात. या तुकड्यांना ब्लॉक म्हणतात. वेल्डरला खाली बघून काम करता यावं म्हणून अख्खा ब्लॉक उलटा बांधतात, मग क्रेनने सुलटा करतात. पाइप, शिड्या, बरंचसं रंगकाम आतच उरकतं. मग तो कोरड्या गोदीत उतरतो. उचलणाऱ्या क्रेनपैकी एक स्वीडनमधल्या माल्मोची. तिथली जहाजबांधणी बसली आणि २००२ साली ती अवघ्या एका डॉलरला इथे आली. ती जाताना माल्मोची माणसं रडली म्हणतात, म्हणून तिचं नाव पडलं 'माल्मोचे अश्रू'.

२०१४ साली इथून निघालेलं 'सीएससीएल ग्लोब' हे जहाज ४०० मीटर लांब होतं. मुंबईची पंधरा डब्यांची लोकल शेजारी उभी केली तरी तोकडी पडेल. एवढ्या लांबीत हिशेब मात्र मिलिमीटरचा. प्रत्येक सांधा निवताना आकसतो, म्हणून तेवढी वाढ पत्रा कापतानाच ठेवावी लागते. उन्हाचंही तसंच. एका कुशीवर ऊन आलं की सगळा सांगाडा बाक घेतो, म्हणून पंख्याच्या दांड्याची रेषा बहुधा रात्री जुळवतात, पोलाद निवल्यावर.

शेवटी गोदीत पाणी सोडतात. ते इंचाइंचानं चढत असताना काही माणसं तळाच्या टाक्यांत उतरतात, बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांध्यावरून, प्रत्येक झडपेवरून हात फिरवतात. बाहेर पाणी वाढत असतं. हात कोरडा निघाला की पुढच्या टाकीकडे.