घाट उतरल्यावर

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं, तर वाटेत आंबा घाट लागतो. कानात धमकावणारे आवाज चालू असताना चौघांनी दंड धरून गाडीत बसवलेल्या माणसाला ती वळणं कशी वाटत असतील?

असे आवाज, भ्रम म्हणजे सायकोसिस; तो बहुतेकदा औषधांनी आटोक्यात येतो. पण घरी परतल्यावरही शेजारच्या गेटची कडी वाजली, की छातीत धडधडतं, रात्री दचकून जाग येते. घरचे म्हणतात, ‘पुन्हा उचल खाल्ली वाटतं!’ दर वेळी तसं नसतं. ती आघाताची खूणही असू शकते. १९९१ साली ऑस्ट्रेलियात पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी सायकोसिसमधून सावरणारे ३६ रुग्ण अभ्यासले. अकरा महिन्यांनंतरही ३५ टक्के रुग्णांत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, आढळला. जेवणात विष कालवलंय, हा भ्रम खोटा; त्यापायी अनुभवलेली मरणाची भीती मात्र शंभर टक्के खरी. त्यात भर बांधून ठेवण्याची, जबरीच्या इंजेक्शनची.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांवर आणि भूल न देता शॉक देण्यावर बंदी घातली. शिवाय कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे माणसाला बरं असतानाच लिहून ठेवता येतं. सातबारा जपून ठेवणाऱ्या किती घरांत हा कागद सापडेल, कोण जाणे.